उबाल्दोचं बोट

उबाल्दोचं बोट काचेला कळत नाही.
वीस वर्षं रासयच्या यार्डात
बार्जांची पोटं सांधता सांधता
टोकांवरच्या रेघा जळून गेल्या.
बँकेत अंगठा उमटत नाही, रेशनवर उमटत नाही,
फोन तर ओळखच देत नाही.
तो दाबतो, घासतो, एकदा नाकाच्या शेंड्यानंही बघतो,
मग माझ्यापुढे धरतो : "तूं व्हर गो वयर."

दुर्भाटच्या धक्क्यावरून सव्वापाचची फेरीबोट.
तो रात्रपाळीला निघालेला,
मी काजूच्या कारखान्यातून घरी,
दिवसभर अख्खा गर इकडे, पाकळी तिकडे.
मध्ये पात्रात रेंज जाते,
म्हणून मी गेटवरच सगळं उतरवून घेते :
पोस्टमनच्या सायकलीमागे लागलेलं बदक,
गाजराला भोकं पाडून बासरी वाजवणारे सूट घातलेले आठ गंभीर गृहस्थ,
बँड सुरू झाला की नेमकी समेवर शिंकणारी शेळी.
शेळी त्यानं चार वेळा बघितली.
हसताना त्याचा आवाज होत नाही,
फक्त हेल्मेट हलतं.

त्याच्याकडे गाणी.
बोट चालत नाही म्हणून तो फोनशी बोलतो,
आणि फोनला त्याची कोंकणी कळत नाही.
एकदा म्हणाला, कुळागर,
पोफळीला औषध कधी मारायचं एवढंच हवं होतं.
फोननं काढून दिला
कुठल्याशा गवताळ मुलखातला एक म्हातारा,
दोनच तारा, आणि त्यांत पळणारा घोडा.
सुंगटांचा भाव विचारला तर
तीन बायका, डोंगरावर, बिनवाद्यांच्या,
एकीचा सूर दुसरीच्या सुराला
मुद्दाम घासून जाणारा.
"हें आयक," म्हणायचा,
एक बोंडू त्याच्या कानात, एक माझ्या,
वायर आखूड, म्हणून दोघांच्या माना एकाच बाजूला कललेल्या.
इंजिनाची धडधड खालून, तळव्यांतून.
ती धरूनच मला ती गाणी पाठ आहेत,
घरी ऐकते तेव्हा काहीतरी कमी पडतं.

बारा मिनिटं. रोज.
त्यापलीकडचं मी त्याला काही विचारलं नाही.
नंबरसुद्धा नाही. कशाला हवा होता,
उद्या सव्वापाचला तो असणारच होता की.

मग नव्हता.

सोमवारी वाटलं, पाळी बदलली.
गुरुवारी तिकिटवाला म्हणाला, यार्डात काम कमी झालंय,
काही जण वास्कोला गेले, काही बोटीवर.
कोण कुठे ते त्यालाही ठाऊक नाही.
माझ्याकडे सतरा गमती साठल्या.
त्यांतली एक तर फारच चांगली आहे,
पाळण्यातल्या पोरासारखा झोपवून घेणारा डुक्कर.
एकटीनं बघितला. बरा होता.

काल धक्क्यावर, रेंज होती तोवर,
कुणी बघत नाही असं बघून
मीही फोनच्या तोंडाशी तोंड नेलं
आणि हळूच म्हटलं : उबाल्दो.

फोननं नीट ऐकलं. हिंदीत ऐकलं.
उबाल दो.
आणि पडद्यावर एक बाई, पातेलं, सहा अंडी,
खळखळ खळखळ.
"पिवळं मऊ हवं तर सहा मिनिटं,
घट्ट हवं तर पूर्ण बारा."

मी एवढ्यांदा हसले
की शेजारची बांगड्यांची पाटी दचकली.
पाटीवाली म्हणाली, "कितें गो? एकटीच हांसता?"
बोट सुटली होती, फळी वर येत होती.
मी म्हटलं, मावशी, लांबडी गोष्ट आहे.
ती म्हणाली, "मागीर सांग," आणि पाटी सरकवून जागा केली.

बोंडू ओढणीला पुसला.
तिच्या कानातली कुडी जड, तो नीट बसेना,
तिनं हातानं धरून ठेवला.
आधी शेळी दाखवावी की घोडा ऐकवावा,
हे ठरेपर्यंत आम्ही अर्ध्या पात्रात होतो.